खोडमाशीवरचा इलाज नुसत्या बियाण्याच्या पिशवीत नाही

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि तेव्हापासून मराठवाड्यात ज्वारीची चर्चा पुन्हा सुरू झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण किडीचा विषय निघाला की ही चर्चा दोन खुंट्यांना बांधली जाते. एका बाजूचे लोक सांगतात की कीड हायब्रीडनं आणली, देशी ज्वारी पेरा, मग फवारणीचं नावच नको. दुसऱ्या बाजूचे लोक सांगतात की देशीच्या गोष्टी पुरे झाल्या, कपाशीला दिलं तसं कीड न लागणारं बियाणं ज्वारीलाही द्या, आणि ते येईपर्यंत औषध मारा. वरवर ही दोन टोकं दिसतात, पण दोघांच्या पोटात समजूत एकच आहे: प्रतिकारशक्ती बियाण्यात एक तर असते किंवा नसते, आणि बियाणं नीट निवडलं की काम संपलं. ही समजूतच चुकीची आहे. ज्वारीच्या सगळ्यात नुकसानकारक किडीबाबत, म्हणजे खोडमाशीबाबत, प्रतिकारशक्ती अंशानं असते. ती किती कामाला येईल हे पेरणीच्या तारखेवर ठरतं आणि शेजारच्या रानात ज्वारी कधी पेरली यावरही ठरतं. म्हणून ‘देशी की संकरित’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कोणत्या वाणात किती प्रतिकार, आणि तो शिवारात केव्हा पेरला’ हा प्रश्न विचारायला हवा. पहिल्या अर्ध्याचं उत्तर शेतकऱ्याला पिशवीवर छापून मिळालं पाहिजे आणि दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर गावानं मिळून द्यायला पाहिजे.

आधी कीड काय करते ते जवळून पाहू, कारण वादात नेमका हाच भाग गाळला जातो. खोडमाशी घरमाशीपेक्षा लहान, राखाडी रंगाची असते. ज्वारी उगवून पाच-सहा दिवस झाले, तिसरं-चौथं पान आलं की मादी पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेला समांतर, एकेक अंडं चिकटवते. अंडं पांढरं, लांबट असतं आणि पान उलटं करून पाहिलं तर नुसत्या डोळ्यांना दिसतं. एक-दोन दिवसांत, बहुतेक वेळा पहाटे, ते फुटतं. अळी दवानं ओल्या असलेल्या पानावरून सरकत पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, उतरते आणि वाढीचा कोंबच कापते. मग कापलेला भाग कुजतो आणि त्या कुजलेल्या भागावर ती जगते. तीन-चार दिवसांत मधलं पान पिवळं पडून वाळतं. यालाच आपण पोंगामर म्हणतो. वाळलेला पोंगा चिमटीत धरून ओढला तर अलगद हातात येतो, बुडाशी घाण वास येतो आणि कधी कधी पिवळट अळीही दिसते. खोडकिड्यामुळेही पोंगा मरतो, पण तिथं पानांवर आडव्या रांगेत भोकं दिसतात आणि अळी खोडात बोगदा करून बसलेली सापडते. हा फरक ओळखता आला नाही तर पुढचा सगळा खर्च चुकीच्या किडीवर होतो. २०१८ नंतर अमेरिकन लष्करी अळीनं या गोंधळात भर घातली. तिनं कुरतडलेली पानं आणि पोंग्यातली लिद लांबून दिसते म्हणून औषधाचा पंप तिच्यासाठी बाहेर निघतो, आणि न दिसणारी खोडमाशी तोवर आपलं काम उरकून गेलेली असते.

यातून एक गोष्ट निघते आणि ती फार महत्त्वाची आहे. पोंगा वाळलेला दिसला त्या दिवशी फवारणी करून त्या ताटाला काहीही मिळत नाही, कारण कोंब आधीच कापला गेलेला असतो. उगवणीपासून साधारण चार आठवडे एवढीच या किडीची खिडकी आहे आणि जे करायचं ते या खिडकीच्या आधी किंवा सुरुवातीलाच करावं लागतं. शंभरात दहा पोंगे मेले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं धरतात. पण ती पातळी मोजायची असेल तर रान पहिल्या दोन आठवड्यांत पाहायला हवं, आणि पोंग्यांबरोबर पानाखालची अंडीही मोजायला हवीत.

झाडाचा प्रतिकार नेमका कुठं असतो? तो पुष्कळ लहान लहान गोष्टींत विखुरलेला असतो. काही वाणांची रोपं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फिकट पोपटी, चकचकीत, अरुंद आणि ताठ पानांची असतात. अशा रोपांवर मादी कमी अंडी घालते. काहींच्या पानाखाली बारीक लव असते, तिच्यामुळे अंडी घालणं आणि अळीचं चालणं दोन्ही अवघड होतं. काहींच्या पोंग्यातल्या कोवळ्या पानावर ओलावा कमी साचतो, त्यामुळे पहाटेच्या त्या छोट्या प्रवासात अळी वाटेतच मरते. काही रोपं इतक्या झपाट्यानं वाढतात की अळी पोहोचेपर्यंत कोंब पुढं निघून गेलेला असतो. काही वाण पोंगा मेल्यावर जोमदार फुटवे फोडतात आणि थोडंफार कणीस पदरात टाकतात. हे सगळे गुण वेगवेगळ्या जनुकांच्या हातात आहेत. एका वाणात यातले दोन असतील, दुसऱ्यात चार, आणि सगळे असले तरी माशी शून्यावर येत नाही. इथिओपियातून आलेली आयएस १८५५१ ही ज्वारी संशोधक प्रतिकाराचा नमुना म्हणून वापरतात, तिच्यातही काही पोंगे मरतातच.

आता देशीवाल्यांचं म्हणणं घेऊ. त्यात तथ्य आहे आणि ते मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. १९६४ मध्ये सीएसएच १ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. तो बुटका, लवकर येणारा आणि भरघोस उत्पन्न देणारा होता. त्याच्या पाठोपाठ खोडमाशी आणि कणसातली मिज माशी या दोन किडींनी डोकं वर काढलं, ही नोंद कृषी संशोधकांनीच केलेली आहे. कारणही उघड आहे. लवकर फुलणारा हायब्रीड आणि उशिरा फुलणारी गावरान ज्वारी शेजारी शेजारी आली, मिज आधी हायब्रीडवर वाढली आणि तिथून गावरानावर गेली. संकरित बियाण्याची मादी बाजू ज्या नरवंध्य, म्हणजे कामाचे पराग न धरणाऱ्या, वाणांवर उभी आहे त्यांच्यात मायलोचा पेशीद्रव आहे, म्हणजे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या त्या तांबड्या मायलो ज्वारीच्याच कुळातला. अशा नरवंध्य वाणांवर खोडमाशी त्यांच्याच जोडीच्या नरक्षम वाणांपेक्षा जास्त येते, हेही प्रयोगांतून दिसलं आहे. दुसरीकडे मालदांडी ३५-१ पाहा. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला हा वाण आजही रब्बीत टिकून आहे. भाकरीची चव आणि कडब्याची प्रत ही दोन कारणं आहेतच, पण खोडमाशीला तो बऱ्यापैकी तोंड देतो हे तिसरं कारण आहे.

पण ‘बऱ्यापैकी’ या शब्दाचं वजन नीट तोला. मालदांडीला पोंगामर होत नाही असं ज्याला वाटतं त्यानं हस्तात उशिरा पेरलेलं, बीजप्रक्रिया न केलेलं मालदांडीचं रान तिसऱ्या आठवड्यात पाहावं. आणि ‘देशी’ म्हणजे एकच वस्तू आहे का? मालदांडी, दगडी, हुरड्याची गुळभेंडी, कुची, सुरती हे सगळे देशीच आहेत, पण ते एका कामासाठी निवडले गेलेले नाहीत. गुळभेंडी पिढ्यान्‌पिढ्या राखली गेली ती दाणा गोड लागावा आणि कणीस चोळल्यावर सहज सुटावा म्हणून. माशीला तोंड द्यावं ही अट तिला कुणी घातलीच नव्हती. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण मानांकन तिच्या प्रदेशाची आणि गुणवैशिष्ट्याची ओळख देतं, खोडमाशीविरुद्धची हमी देत नाही. देशी बियाण्यातला प्रतिकार हा ठेवा आहे, मात्र तो चाळून, मोजून वापरायचा ठेवा आहे. नुसतं देशी म्हणून पेरलं आणि पंधरा टक्के पोंगे गेले की तोच शेतकरी पुढच्या वर्षी सोयाबीनवर हरभरा घेतो आणि ज्वारीकडं पुन्हा पाहत नाही. देशीची बाजू घेणाऱ्यांनीच देशीचं हे नुकसान करू नये.

दुसऱ्या बाजूचं, म्हणजे ‘कपाशीसारखं बियाणं द्या’ म्हणणाऱ्यांचं, सगळ्यात बळकट म्हणणं असं की शेतकऱ्याला वेळ नाही, मजूर नाही, आणि जे काम बियाण्यात घालता येतं ते त्याच्या डोक्यावर कशाला ठेवायचं? ही मागणी चुकीची नाही. २००२ नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत बीटी कपाशीनं बोंडअळीच्या फवारण्या कमी केल्या, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक कापूस उत्पादकाला ठाऊक आहे. पण पुढं काय झालं तेही त्याला ठाऊक आहे. २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं, आणि २०१७ मध्ये बीड, जालना, परभणी, नांदेडच्या रानांत गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली. सगळ्या शिवारात तीच ती जनुकं, आश्रयपट्टा (बीटी नसलेल्या कपाशीच्या ओळी) न लावणं, आणि डिसेंबरनंतरही उभी ठेवलेली फरदड या तिघांनी मिळून अळीला त्या जनुकांतून तयार होणाऱ्या विषाची सवय लावली. शिवाय ज्वारीत एक मूळची अडचण आहे आणि ती या चर्चेत क्वचितच सांगितली जाते. कपाशीतली ती जनुकं पतंगवर्गीय अळ्यांवर चालतात. खोडमाशी ही माशी आहे, पतंग नाही. ज्वारीच्या खोडकिड्यावर अशा जनुकांचा उपयोग होऊ शकतो आणि हैदराबादच्या ज्वारी संशोधन संस्थेनं त्या दिशेनं काम केलंही, पण तीच जनुकं ज्वारीत घालून खोडमाशी थांबेल अशी आशा दाखवणं ही शेतकऱ्याची दिशाभूल आहे.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर भाताचं घ्या. तपकिरी तुडतुड्याला एका जनुकाच्या जोरावर रोखणारा आयआर २६ हा वाण फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं १९७३ मध्ये दिला. दोन-तीन वर्षांत त्याला न जुमानणारे तुडतुडे पुढं आले. संस्थेनं दुसरं जनुक असलेला आयआर ३६ आणला. अमेरिकेत ज्वारीवरच्या हिरव्या माव्याचीही हीच कथा आहे: १९६८ मध्ये तो ज्वारीवर मोठ्या प्रमाणात आला, सत्तरच्या दशकात प्रतिकारक संकरित वाण आले, आणि १९८० च्या सुमारास त्या वाणांवर जगणारा नवा जैवप्रकार हजर झाला. कडकडीत, एकाच गुणावर उभा असलेला प्रतिकार किडीपुढं एकच कुलूप ठेवतो, आणि लाखो किडींतली एखादी किल्ली घेऊन जन्मलेली असतेच. याउलट मालदांडीचा अर्धामुर्धा, दहा ठिकाणी विखुरलेला प्रतिकार नव्वद वर्षं टिकला आहे. तो अर्धा आहे म्हणूनच टिकला. माशीला तो मारून टाकत नाही, तिची संख्या वाढू देत नाही. त्यामुळे त्याच्यावर मात करणारी एखादी वेगळी माशी निवडली जाण्याचा दाबच कमी राहतो. अर्धा प्रतिकार ही उणीव समजून जे नाक मुरडतात त्यांना हा हिशेब कुणी समजावून सांगितलेला नाही.

मात्र अर्ध्या प्रतिकाराला उरलेलं अर्धं कुठून तरी मिळालं पाहिजे. ते कुठून मिळतं हे समजायला प्रतिकारक वाण निवडण्याची संशोधकांची पद्धत पाहावी. ज्वारीच्या ओळींची खोडमाशीसाठी परीक्षा घ्यायची असते तेव्हा रानात भरपूर माशी हवी. मग काय करतात? सीएसएच १ सारख्या माशीला लवकर बळी पडणाऱ्या वाणाच्या काही ओळी परीक्षेच्या पेरणीआधी वीस दिवस पेरून ठेवतात. त्यांच्यावर माशीची एक पिढी वाढते. मुख्य ओळी उगवल्या की रानात ओली मासळीची भुकटी पसरतात, तिच्या वासानं आणखी माश्या येतात. अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास साधारण १७ ते २१ दिवसांचा, म्हणून ते वीस दिवस. या परीक्षेत तग धरणारी ओळ पुढं जाते.

आता हीच मांडणी गावात पाहा. एकानं पोळ्यानंतर लगेच, उत्तराच्या पावसावर पेरलं. दुसऱ्याचं सोयाबीन दसऱ्याच्या आसपास निघालं, त्यानं वीस-बावीस दिवसांनी पेरलं. मधल्या बांधावर बरू, म्हणजे ज्वारीच्या कुळातलं रानगवत, आहे, विहिरीजवळ जनावरांसाठी कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, उभं आहे, खरिपाच्या ज्वारीचा खोडवा कुणी मोडलेला नाही. संशोधकांनी मुद्दाम, वाणांचा अंत पाहण्यासाठी जे रचलं तेच आपण अजाणता शिवारभर रचतो, आणि मग अर्धा प्रतिकार असलेला वाण हरला की दोष वाणाला देतो! परभणी मोती असो, फुले वसुधा असो की मालदांडी, शेजाऱ्याच्या रानातून माशीची ताजी पिढी रोज येत असेल तर कुठलाही वाण किती काळ पुरेल? पेरणी एकमेकांच्या जवळ आणणं हा प्रतिकाराचा दुसरा अर्धा भाग आहे. तो कुठल्याही पिशवीत भरून विकता येत नाही, आणि कदाचित म्हणूनच त्याची जाहिरात होत नाही.

वेळेची ही गोष्ट नवी नाही. खरिपात मोसमी पाऊस सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांत पेरलेली ज्वारी खोडमाशीतून बरीचशी निसटते, आर्द्रात रेंगाळलेली सापडते. म्हणून जुन्या लोकांचा मृगाचा आग्रह होता. अमेरिकेत गव्हावर हेसियन माशी अठराव्या शतकाच्या शेवटी पसरली, तेव्हा तिथल्या राज्यांनी पुढं काय केलं? प्रत्येक भागासाठी ‘या तारखेनंतरच गहू पेरा’ अशी तारीख ठरवली, कारण त्या तारखेपर्यंत माशीचा उडण्याचा हंगाम संपतो. प्रतिकारक गहू नंतर आले, त्यांच्यावर मात करणारे माशीचे जैवप्रकारही आले, पण ती तारीख आजही सल्ल्यात आहे. तिथं माशी एका ठराविक काळात उडते आणि आपल्याकडं ती जवळजवळ वर्षभर असते, त्यामुळे त्यांची तारीख उचलून आणता येणार नाही. वाण आणि तारीख यांची जोडी फोडायची नाही, एवढं मात्र घेता येतं.

यावर सगळ्यात मोठा आक्षेप असा की पेरणीची तारीख शेतकऱ्याच्या हातात आहे का? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. रब्बी ज्वारीची शिफारस १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशी आहे. ज्याचं रान खरिपात पड आहे तो लवकर पेरतो, कारण पुढं ओल उडाली तर उगवणच होत नाही. ज्याच्या रानात सोयाबीन आहे तो ते निघाल्याशिवाय पेरू शकत नाही. ऑक्टोबरचा पाऊस लांबला तर वाफसाच येत नाही. भारी काळ्या रानात तिफण घालणं म्हणजे चिखलात हात घालणं आहे. तेव्हा अख्ख्या गावानं एकाच दिवशी पेरा असं म्हणणं निरर्थक आहे, आणि ते मी म्हणतही नाही. गावाचे दोन गट पडणार हे धरून चालू. पण दोन गट पडणं वेगळं आणि महिनाभर रोज कुणी ना कुणी पेरत राहणं वेगळं. शिवाराच्या एकेका भागात, म्हणजे एका ओढ्याच्या अलीकडं किंवा एका वाडीभोवती, गटाची पेरणी आठ-दहा दिवसांत आटोपली तर माशीला पिढी पुरी करून शेजारी जायला वेळ मिळत नाही. दुसरा गट मागून येणार हे आधीच माहीत असेल तर जास्त प्रतिकाराचा वाण आणि बीजप्रक्रिया यांची खरी गरज त्यालाच आहे. आज घडतं उलटं. लवकर पेरणारा सावध असतो, बियाणं प्रक्रिया करून पेरतो, आणि सोयाबीनच्या घाईतून आलेला दुकानात मिळेल ते बियाणं तसंच चाड्यात टाकतो.

बीजप्रक्रियेबद्दल आणखी एक म्हणणं असतं: एवढं स्वस्त औषध असताना प्रतिकारक वाणांचा खटाटोप कशाला? खरंच स्वस्त आहे. एकरी चार किलो बियाणं लागतं. थायोमिथोक्झाम ७० टक्के किलोला ३ ग्रॅम, म्हणजे एकराला १२ ग्रॅम, किंवा इमिडाक्लोप्रिड ४८ टक्के एफएस किलोला १४ मिलि. हातमोजे घालून चोळायचं, सावलीत वाळवायचं आणि जिवाणूसंवर्धक लावायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी लावायचं. उरलेलं बियाणं दळायला जाणार नाही याची काळजी घ्यायची, हे घराघरात सांगितलं पाहिजे. पण हे संरक्षण साधारण तीन आठवडे पुरतं आणि माशीची खिडकी चार आठवड्यांची आहे. थंडी लवकर आली, ओल कमी पडली, रोप रेंगाळलं की औषध ओसरलेलं असतं आणि पोंगा अजून कोवळाच असतो. तो शेवटचा आठवडा वाणालाच सांभाळावा लागतो. शिवाय एका औषधावर सगळं सोपवण्याचं काय होतं? ज्वारीच्या जुन्या शिफारशींत एंडोसल्फान होतं, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते थांबवलं. तासात टाकायच्या फोरेटचे दाणे नंतर बंद झाले. कार्बोफ्युरानवर २०२३ मध्ये मोठे निर्बंध आले. ही औषधं माणसांना आणि जनावरांना घातक होती, ती गेली ते बरंच झालं. पण ज्यांनी फक्त त्यांच्यावर भिस्त ठेवली होती त्यांच्या हातात औषधाबरोबर सगळाच उपाय गेला. वाणातला प्रतिकार कुठल्याही अधिसूचनेनं रद्द होत नाही.

एक साधं काम मात्र दोन्ही बाजूंच्या बोलण्यातून सुटतं, ते म्हणजे विरळणी. एकरी चोपन्न-पंचावन्न हजार ताटं राखायची असतात. बियाणं थोडं जास्त पेरून विरळणी दोन टप्प्यांत केली, पहिली उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी आणि दुसरी त्यानंतर आठवड्याभरानं, तर मेलेल्या पोंग्याची रोपं उपटून बाहेर काढता येतात आणि ताटांची संख्याही राहते. उपटलेली रोपं बांधावर टाकायची नाहीत, ती पुरायची किंवा जाळायची, नाहीतर आतली अळी तिथंच कोषात जाते. मजुरीचा प्रश्न आहे, मान्य. पण मेलेली रोपं रानात ठेवून पुढं फुटव्यांवर विसंबणं त्याहून महाग पडतं. फुटवे मागून येतात, मागून फुलतात. रान एकदम फुलण्याऐवजी दोन-तीन आठवडे तुकड्यातुकड्यानं फुलत राहतं. मिजची मादी जेमतेम एक दिवस जगते आणि फुललेल्या कणसातच अंडी घालते. सगळं शिवार आठवड्यात फुलून गेलं तर तिच्या पुढच्या पिढीला फूलच सापडत नाही, आणि लांबलेला फुलोरा तिला पिढ्या वाढवायला जागा करून देतो. म्हणजे पहिल्या महिन्यातली खोडमाशी खरिपात तिसऱ्या महिन्यातल्या मिजची सोय करून ठेवते. खोडकिड्याचं गणित वेगळं आहे. त्याची अळी धसकटात आणि कडब्यात सुप्त राहते. तिच्यासाठी धसकटं वेचणं आणि कडब्याची कुट्टी करणं हेच काम पावसाळ्याआधी उरकायचं असतं, वाण कुठलाही असो.

आता शेवटचा, आणि माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक आक्षेप: शेतकऱ्यानं ज्वारी सोडली ती किडीमुळे नाही. काढणीला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला कुणी नाही, खरिपाची ज्वारी पावसात सापडून काळी पडते. २०२४-२५ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता आणि सोयाबीनचा ४,८९२. हे सगळं खरं आहे आणि किडीचा प्रश्न सुटला तरी ज्वारीचे सगळे प्रश्न सुटणार नाहीत. पण ज्या पिकात नफ्याचा पट्टा आधीच अरुंद आहे त्यात पोंगामरीचा फटका जास्त बसतो की कमी? कपाशीत दहा टक्के गेले तरी शेतकरी पुढच्या वर्षी कपाशी लावतो. ज्वारीत दहा टक्के दाण्याबरोबर कडबाही जातो, आणि कोरडवाहू घरात गोठ्याची चार-पाच महिन्यांची वैरण म्हणजे हा कडबा. तो विकत आणायची वेळ आली की पहिल्यांदा जनावर विकलं जातं. लातूर-धाराशिवकडं येळवसेला (वेळ अमावस्येला) कडब्याची कोप उभी करून आंबिलीचा मान राखणारी घरं आजही ज्वारी पेरतात ती गोठ्याच्या हिशेबावरच. त्या घरांसाठी कीड हा दुय्यम प्रश्न कसा असेल?

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. बियाणे अधिनियम १९६६ खाली पिशवीवर वाणाचं नाव, उगवणशक्ती, शुद्धता, तपासणीची तारीख या गोष्टी छापाव्याच लागतात. खोडमाशीबद्दल मात्र ‘प्रतिकारक’ किंवा ‘सहनशील’ एवढा एक शब्द असतो, तोही असला तर. अखिल भारतीय समन्वित ज्वारी प्रकल्पाच्या चाचण्यांत पोंगामरीची टक्केवारी मोजली जाते. म्हणजे आकडा अस्तित्वात आहे, तो शेतकऱ्यापर्यंत येत नाही. तो पिशवीवर आला पाहिजे, आणि एकटा नको, तुलनेसह हवा: या वाणात इतके टक्के, त्याच चाचणीत मालदांडी ३५-१ मध्ये इतके, सहज बळी पडणाऱ्या वाणात इतके. कंपन्या म्हणतील की आकडा जागेनुसार आणि हंगामानुसार बदलतो. बदलतो, म्हणूनच तुलनेचा आकडा मागायचा. माशी जास्त असलेल्या वर्षी तिन्ही आकडे वाढतील, पण त्यांच्यातला क्रम सहसा तोच राहील, आणि शेतकऱ्याला क्रमच हवा असतो. संकरित वाणाच्या बाबतीत मादी आणि नर दोन्ही बाजूंत प्रतिकार आणला का, हेही विचारलं गेलं पाहिजे, कारण एकाच बाजूचा प्रतिकार संकरात पुरता उतरत नाही. आज संकरित ज्वारी विकणाऱ्यांना हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं परभणी मोती, परभणी ज्योती, परभणी शक्ती असे वाण दिले. परभणी शक्तीची ओळख लोह आणि जस्तासाठी झाली आणि ती चांगलीच आहे. तितक्याच ठळकपणे प्रत्येक वाणाची पोंगामरीची टक्केवारी विद्यापीठाच्या घडीपत्रिकेत यावी, त्यासाठी कायदा बदलण्याचीही वाट पाहायला नको. क्रॉपसॅपची कीडसर्वेक्षणाची यंत्रणा २००९-१० पासून राज्यात आहे. तिच्या माणसांनी ऑगस्टच्या शेवटी खरिपाच्या उशिरा ज्वारीवरची, कडवळावरची आणि बरूवरची अंडी मोजली तर येत्या रब्बीत कुठल्या मंडळात माशी जास्त आहे ते पेरणीच्या आधी कळेल. ही मोजणी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. तिच्या शेजारी गावातले पडीक रानाचे आणि सोयाबीनच्या रानाचे असे दोन गट, त्यांचे पेरणीचे दहा-दहा दिवस आणि मागच्या गटासाठी सुचवलेला वाण लिहिलेला असावा. रब्बीचं बियाणं गणपतीच्या आसपास घेतलं जातं, त्यामुळे फळा त्याच्या आठ दिवस आधी भरलेला हवा.